गोवर्धन : शिलालेखातील नगर, द्राक्षबागांतील गाव

नाशिक म्हटले की रामकुंड, काळाराम, पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर ही नावे ओघाने येतात. गेल्या पंचवीस वर्षांत त्यात आणखी एका ओळखीची भर पडली आहे आणि ती म्हणजे द्राक्षबागा व वाईन. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या गाड्यांची रांग गंगापूर रोडने पश्चिमेकडे सरकते, सोमेश्वर मागे टाकते आणि द्राक्षबागांच्या दिशेने वळते. या रस्त्यावर गोवर्धन नावाचे एक गाव लागते. बहुतेकांसाठी ती वाटेवरची एक पाटी असते. मात्र महाराष्ट्राच्या लिखित इतिहासात ज्या मोजक्या गावांची नावे दोन हजार वर्षांपासून सलग टिकून आहेत, त्यांत या गावाची गणना करावी लागते. ज्या वाइनरीला भेट देण्यासाठी ही गर्दी लोटते, तीही याच गोवर्धनच्या शिवारात आहे.

नाशिक शहराच्या मध्यापासून साधारण दहा किलोमीटर अंतरावर, गोदावरीच्या काठी वसलेले हे गाव आता शहराच्या अगदी उंबरठ्यावर आले आहे. एका दिवसात नदी, लेणी, पेशवाईच्या खुणा आणि द्राक्षबागा असे सारे पाहायचे असेल, तर गोवर्धन हा त्या प्रवासाचा उत्तम मध्यबिंदू ठरतो. परंतु या स्थळांमधील नाते उलगडायचे असेल, तर सुरुवात द्राक्षबागेपासून न करता शिलालेखांपासून करावी.

लेण्यांत कोरलेले गाव

नाशिकच्या दक्षिणेस आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत पांडवलेणी आहेत. प्राचीन काळी या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे होते. डोंगराच्या उत्तर अंगाला एका ओळीत चोवीस लेणी कोरलेली असून त्यांतील ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेख हे सातवाहन व पश्चिमी क्षत्रप या राजवटींच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानले जाते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८३ सालच्या नाशिक जिल्हा गॅझेटियरसाठी या लेखांचा अभ्यास केला. पुढे फ्रेंच विद्वान एमिल सेनार यांनी ते संपादित करून प्रसिद्ध केले. मराठी वाचकांसाठी वा. वि. मिराशी यांचा सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्यावरील ग्रंथ आजही उपयुक्त आहे.

या लेखांत नासिक हे नाव येते, तसेच गोवर्धन हेही येते. राज्यकारभाराच्या दृष्टीने गोवर्धनाचे स्थान अधिक ठळक दिसते. ‘गोवर्धन आहार’ हा एक प्रशासकीय विभाग होता. आहार म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा म्हणता येईल. या विभागाचा अमात्य गोवर्धन येथे असे आणि राजाज्ञा त्याच्या नावाने निघत. त्रिरश्मी डोंगराचा पत्ता देतानासुद्धा तो ‘गोवर्धनातील त्रिरश्मी’ असा दिला जाई. आज आपण ‘नाशिकची लेणी’ म्हणतो, त्या काळच्या लेखनिकाला ती गोवर्धनची वाटत होती.

दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने खोदविले. त्याच्या लेखांत दानांची लांबलचक यादी आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे भडोच, मंदसोर, गोवर्धन आणि नालासोपारा, येथे त्याने चौसोपी निवासस्थाने व धर्मशाळा बांधल्या, विहिरी, तळी व बागा केल्या. तापी, दमणा, डहाणुका आदी नद्यांवर लोकांना विनामूल्य पार करता यावे म्हणून नावांची सोय केली. चार मोठ्या ठिकाणांच्या या यादीत गोवर्धनाला मिळालेले स्थान पाहिले म्हणजे त्या काळी किनाऱ्यावरील बंदरे आणि घाटमाथ्यावरील बाजारपेठा यांना जोडणाऱ्या मार्गावर या गावाचे महत्त्व काय असावे, याची कल्पना येते.

याच लेण्यातील एक लेख अर्थव्यवहाराच्या अभ्यासकांना विशेष मोलाचा वाटतो. उषवदाताने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे कायम ठेव, ठेवली. ही रक्कम गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतविली होती. एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि दुसरीकडे एक हजार कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. पहिल्या ठेवीतून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळत. हिशेब मांडून पाहिला तर तो चोख जुळतो. दोन हजारांवर वर्षाला बारा टक्के म्हणजे दोनशे चाळीस आणि वीस जणांना बारा म्हणजेही दोनशे चाळीसच! हा व्यवहार निगमसभेत ऐकवून, फलकावर नोंदवून मग दगडात कोरण्यात आला. व्याजदर, मुदत, लाभार्थी आणि नोंदणी या चारही गोष्टी त्यात आहेत. आजच्या कोणत्याही ठेवपावतीपेक्षा त्यात काही कमी नाही.

पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेनेही गोवर्धनातील श्रेणींकडेच ठेवी ठेवल्या. आजारी भिक्षूंना औषधे मिळावीत हा त्यामागील हेतू. तिच्या लेखात कुंभार, पाण्याची यंत्रे बनविणारे आणि तेली यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. विणकर, कुंभार, यंत्रकार आणि तेली यांच्या संघटित पेढ्या ज्या गावात होत्या आणि ज्यांच्या पतीवर राजघराण्यातील माणसे व परदेशी वंशाच्या स्त्रिया विश्वास टाकत होत्या, ते गाव साधेसुधे खेडे नव्हते.

न नांगरलेल्या शेताची गोष्ट

गोवर्धनासंबंधीचा सर्वात बोलका प्रसंग तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात कोरलेला आहे. सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव करून हा प्रदेश परत मिळविला. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. सत्तांतराचा इतका ठोस पुरावा क्वचितच मिळतो.

आपल्या राज्यवर्षाच्या अठराव्या वर्षी गौतमीपुत्राने विजयी सेनेच्या छावणीतून गोवर्धनच्या विष्णुपालित या अमात्याला आज्ञा पाठविली. पश्चिम कखडी गावातील, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले दोनशे निवर्तने शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंना द्यावे, असा तिचा आशय होता. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, अशा सवलतीही त्यासोबत दिल्या गेल्या. दान जाहीर झाले, लेख कोरला गेला.

सहा वर्षांनी, चोविसाव्या राज्यवर्षी, गोवर्धनला पुन्हा एक आज्ञा आली. या वेळी अमात्य होता श्यामक, आणि आज्ञेत राजाबरोबर राजमातेचेही नाव होते. कारण साधे होते. कखडी गावात वस्ती उरली नव्हती, त्यामुळे ते शेत कोणी नांगरत नव्हते. भिक्षूंच्या हाती दानपत्र होते, पण उत्पन्न नव्हते. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तने त्यांना द्यावीत, असे श्यामकाला सांगण्यात आले.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या या कागदपत्रात, किंवा दगडपत्रात म्हणू, जमिनीविषयीचे एक सत्य नोंदले गेले आहे. जमीन कसणारा माणूस गावात राहिला, तरच ती जमीन राहते. हे सूत्र आजच्या गोवर्धनलाही तितकेच लागू आहे, आणि त्याकडे पुढे वळू.

उषवदाताने विकत घेऊन भिक्षूंना दिलेल्या आणखी एका शेताची नोंदही उल्लेखनीय आहे. ते शेत गोवर्धन नगराच्या वायव्येला सीमेवर होते. वाराहीपुत्र अश्वभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ते चार हजार कार्षापणांना घेतले गेले, आणि ती जमीन त्याच्या वडिलांची असल्याचेही लेखात नमूद आहे. खरेदीदार, विकणारा, किंमत, चतुःसीमेची दिशा आणि वडिलोपार्जित हक्क यांची नोंद त्यात आहे. आजचा सातबारा याहून वेगळे काय सांगतो?

नदीचा काठ आणि दगडी हत्यारे

शिलालेखांच्याही मागे जायचे असेल, तर नदीपात्रात उतरावे लागते. गंगापूरजवळच्या गंगावाडी येथे गोदावरीच्या खडीच्या थरांत अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी त्यांचा अभ्यास करून १९५२ साली गोदावरीच्या पुराश्मयुगीन हत्यारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. महाराष्ट्राच्या प्रागैतिहासिक संशोधनाच्या वाटचालीत या काठाला त्यामुळे कायमचे स्थान मिळाले.

याच परिसरात सोमेश्वराचे प्राचीन शिवस्थान असून जवळच गोदावरी काळ्या बेसॉल्टच्या पट्ट्यावरून खाली झेपावते. नाशिककर या धबधब्याला ‘दूधसागर’ असेही म्हणतात. ऐन पावसाळ्यात, विशेषतः गंगापूर धरणातून पाणी सोडले जाते तेव्हा, त्याचे रूप पाहण्यासारखे असते. मात्र खडक शेवाळलेले असतात आणि विसर्ग वाढला की पाण्याची पातळी झपाट्याने चढते. त्यामुळे पात्रात उतरण्याचा मोह टाळून काठावरूनच दर्शन घ्यावे.

गावाच्या वरच्या अंगाला गंगापूर धरण आहे. गोदावरीवरील हे मातीचे धरण १९६५ साली पूर्ण झाले. नाशिक शहराची तहान प्रामुख्याने हेच धरण भागविते. जलाशयाच्या काठावर राज्य पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान व बोट क्लब आहे. हिवाळ्यात जलाशयाच्या उथळ कडांवर पाणपक्षी उतरतात, तेव्हा दुर्बीण जवळ असावी.

पेशवाईतील दोन स्त्रिया

गोदावरीचा हा काठ पेशव्यांच्या घराण्यातील दोन स्त्रियांच्या उत्तरायुष्याशी जोडला गेला आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांनी आपल्या आयुष्याचा अखेरचा मोठा काळ नाशिक-गंगापूर परिसरात घालविला. १७६१ च्या जानेवारीत थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला, त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब गेले. त्यानंतर पेशवेपदी आलेल्या माधवरावांशी कारभारातील हस्तक्षेपावरून मतभेद झाले आणि गोपिकाबाई पुण्याबाहेर पडल्या. १७७२ मध्ये माधवराव थेऊरला निधन पावले, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. अवघ्या बारा-तेरा वर्षांत पती आणि तिन्ही मुलगे गमावलेल्या या बाईने पुढेही राजकारणाकडे पाठ फिरविली नाही. नातू सवाई माधवराव याला राज्यकर्त्याने कसे वागावे हे सांगणारे त्यांचे उपदेशपत्र प्रसिद्ध आहे. १७८८ साली नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

गंगापूरहून शहराकडे परतताना नदीकाठीच आनंदवल्ली लागते. या गावाचे मूळ नाव चावंडस. रघुनाथरावांनी येथे वाडा बांधला आणि पत्नी आनंदीबाई यांच्या नावावरून गावाला आनंदवल्ली हे नाव पडले. पुतण्याशी बिनसल्यानंतर राघोबादादांचे येथे वास्तव्य असे. नारायणरावांच्या खुनाशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या आनंदीबाईंचाही शेवट १७९४ साली येथेच झाला. येथील नवशा गणपतीच्या दर्शनाला आजही रीघ असते. ज्यांचे मुलगे गेले ती आणि ज्यांच्यावर त्या खुनाचा आळ आला ती, अशा दोघींनी वेगवेगळ्या वर्षी एकाच नदीच्या काठी आपले शेवटचे दिवस काढले. पुण्यात घडलेल्या इतिहासाची ही बाजू गंगापूर रोडवरून जाताना सहज डोळ्यांआड होते.

द्राक्षबाग कशी पाहावी?

आता द्राक्षबागांकडे वळू. नाशिक जिल्ह्यात खाण्याच्या द्राक्षांची परंपरा जुनी आहे. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका ही नावे येथील शेतकऱ्याच्या तोंडी असतात. वाईनच्या द्राक्षांची लागवड मात्र तुलनेने अलीकडची. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे १९८० च्या दशकात या उद्योगाची सुरुवात झाली होती. नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास शेनिन ब्लाँ व सोव्हिन्यों ब्लाँ या फ्रेंच जातींची लागवड केली. ‘सुला’ची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून उत्पादनशुल्कात सवलत दिली आणि जिल्ह्यात एकामागून एक वाइनरी उभ्या राहिल्या. सुलाने २००५ मध्ये गोवर्धनच्या आवारात पर्यटकांसाठी वाईन चाखण्याची खोली सुरू केली, तेव्हापासून हा परिसर पर्यटनाच्या नकाशावर आला. शेजारच्या गंगावऱ्हे शिवारात यॉर्क व सोमा या वाइनरी आहेत.

द्राक्षबाग पाहायला जाण्यापूर्वी तिचे वर्ष समजून घेतले, तर भेटीचा आनंद वाढतो. युरोपात कडाक्याच्या थंडीत वेल झोपतो, वसंतात फुटतो आणि सप्टेंबरच्या सुमारास तोडणी होते. आपल्याकडे वेल असा झोपत नाही. त्यामुळे त्याची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलमधील छाटणीला खरड छाटणी म्हणतात. ती पुढील हंगामासाठी काडी तयार करते. पावसाळा सरल्यानंतर, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी होते आणि तिच्यातून फळ धरते. त्यानंतर सुमारे चार ते पाच महिन्यांनी, म्हणजे जानेवारीपासून मार्चपर्यंत, वाईनच्या द्राक्षांची तोडणी चालते. दिवसा ऊन आणि रात्री गारवा या नाशिकच्या हिवाळी हवेमुळे फळात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. वाईनसाठी या दोहोंचा समतोल आवश्यक असतो.

खाण्याचे द्राक्ष आणि वाईनचे द्राक्ष यांतील फरक बागेतच दिसतो. खाण्याच्या द्राक्षाचा मणी मोठा, पातळ सालीचा व बिनबियांचा असावा लागतो. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, जाड सालीचा व बियांचा असतो. रंग, सुगंध आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून साल जाड हवी. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षे दाबून रस वेगळा काढतात आणि तो थंड तापमानात आंबवितात. लाल वाईनसाठी रस सालीसह आंबवितात. किण्व म्हणजे यीस्ट रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. पोलादी टाक्यांत ही प्रक्रिया चालते, काही वाईन पुढे ओकच्या पिंपांत मुरवितात. बहुतेक वाइनरींत मार्गदर्शकासह फेरी असते. त्यात हे सारे टप्पे दाखविले जातात आणि शेवटी चव घेण्याचा कार्यक्रम असतो. ज्यांना मद्य वर्ज्य आहे, त्यांनीही फेरी टाळण्याचे कारण नाही. शेती आणि प्रक्रिया उद्योग यांची सांगड कशी बसते, हे पाहण्यासाठी ती उपयुक्त आहे.

जमीन, पाणी आणि कसणारा

पर्यटकाच्या नजरेला द्राक्षबाग हिरवीगार व निवांत दिसते. बागाईतदाराच्या वाट्याला मात्र निवांतपणा क्वचित येतो. डाऊनी आणि भुरी हे बुरशीजन्य रोग, फुलोऱ्यातील अवकाळी पाऊस आणि गारपीट यांतून बाग वाचवावी लागते. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस झालेल्या अवकाळी पावसाने व गारपिटीने नाशिक जिल्ह्यातील बागांचे मोठे नुकसान केले. बाजाराचे हेलकावे वेगळेच. २००८ नंतरच्या मंदीत वाईनची मागणी घटली, कंपन्यांकडे साठे पडून राहिले आणि अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या जाती उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांकडे मोर्चा वळविला. वाईनच्या द्राक्षाला बाजार समितीत गिऱ्हाईक नसते. ज्या कंपनीशी करार, तिनेच ते उचलले पाहिजे. त्यामुळे या शेतकऱ्याचे भवितव्य कराराच्या एका कागदावर अवलंबून असते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. गंगापूर धरणातील पाण्यावर शहराचा, उद्योगांचा, वरच्या शेतीचा आणि खाली जायकवाडीवर विसंबून असलेल्या मराठवाड्याचा हक्क आहे. २००५ च्या राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागते. २०१५, २०१८ आणि २०२३ या वर्षी ते सोडले गेले, तेव्हा नाशिक व नगर जिल्ह्यांत विरोधही झाला. मराठवाड्याची तहान खरी आणि ठिबकवर जगणाऱ्या बागेची गरजही खरी. या दोहोंतून मार्ग काढणे हे येत्या काळातील मोठे आव्हान आहे.

तिसरा प्रश्न जमिनीचा. शहर गंगापूर रोडने पश्चिमेकडे वाढत आहे. धरणाचे पाणी, डोंगरांची पार्श्वभूमी आणि वाईन पर्यटनाचे वलय यांमुळे या पट्ट्यात बंगले, फार्महाऊस आणि रिसॉर्ट यांची मागणी वाढली. शेतजमिनीला शेतीपेक्षा कितीतरी अधिक भाव मिळू लागला, की ती विकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. त्यासाठी शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. परंतु ज्या द्राक्षबागा पाहण्यासाठी लोक येतात, त्यांच्याच जागी त्या लोकांसाठी खोल्या बांधल्या गेल्या, तर पुढच्या पिढीतील पर्यटक काय पाहणार? कखडीचे शेत कसणाऱ्याविना पडीक राहिले आणि राजाला दुसरी जमीन द्यावी लागली. आज तशी दुसरी जमीन द्यायला गोवर्धनच्या सीमेवर फारशी उरलेली नाही.

पर्यटनातून गावाला मिळणारे लाभही नाकारता येत नाहीत. वाइनरी, हॉटेले आणि वाहतूक यांतून स्थानिक तरुणांना रोजगार मिळाला. मात्र गोवर्धनचे नाव शिलालेखांत आहे, हे सांगणारी ओळ पर्यटकाच्या वाटेवर उभी राहिली पाहिजे. वाइनरीच्या फेरीत माती, हवा आणि वेल यांची माहिती दिली जाते. तिच्यातच या मातीवर दोन हजार वर्षांपूर्वी झालेल्या खरेदीखताचा उल्लेख आला, तर तो परदेशी पाहुण्यालाही थक्क करील. त्यासाठी खर्च फारसा येणार नाही, इच्छा मात्र हवी.

एका दिवसाचा कार्यक्रम

सकाळी लवकर पांडवलेणी गाठावीत. पायथ्यापासून पायऱ्या चढून जावे लागते, म्हणून उन्हापूर्वी गेलेले बरे. तिसरे, दहावे व अठरावे ही तीन लेणी शांतपणे पाहावीत. अठरावे लेणे हे चैत्यगृह आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आज्ञा आणि त्याची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी कोरविलेली प्रशस्ती आहे. लेखांना हात लावू नये, त्यांवर पाणी वा खडू फिरवू नये.

तेथून शहर ओलांडून गंगापूर रोडने आनंदवल्ली, सोमेश्वर आणि गंगापूर असे करीत दुपारपर्यंत गोवर्धनला पोहोचता येते. गाव पायी फिरावे, नदीकाठी थोडा वेळ बसावे. दुपारनंतर वाइनरीची फेरी घ्यावी आणि सायंकाळी धरणाच्या जलाशयावरील सूर्यास्त पाहावा. मुक्काम करणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर रस्त्यावरील अंजनेरी येथील नाणेसंशोधन संस्थेला भेट द्यावी. भारतीय नाण्यांचा इतिहास तेथे नीट उलगडतो, आणि जोगलटेंभीच्या साठ्याची कथा ऐकून आलेल्याला तो अधिक जवळचा वाटतो.

कसे जाल?

मुंबईहून नाशिक साधारण १६५ ते १७० किलोमीटर आणि पुण्याहून २१० किलोमीटर आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्याने मुंबईकरांना कसारा घाटाला पर्याय मिळाला आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी नाशिकरोड स्थानकावर उतरून शहरात यावे. गोवर्धनसाठी शहरातून रिक्षा वा टॅक्सी मिळते.

केव्हा जाल?

बागेत द्राक्षांचे घड पाहायचे असतील, तर जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम. नदी व धबधबा पाहायचा असेल, तर जुलै ते सप्टेंबर. त्या काळात बागेत फळ नसते, हे ध्यानात असावे. सुट्यांच्या दिवशी वाइनरीत मोठी गर्दी असते, म्हणून फेरीची व भोजनाची नोंदणी आधी करावी. कोरड्या दिवशी मद्य दिले जात नाही. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वकाळात शहरातील वाहतुकीवर निर्बंध असतात, तेव्हा ही सहल पुढे ढकलणेच इष्ट.

काय पाळाल?

वाईन चाखणाऱ्याने वाहन चालवू नये. सोबत मद्य न घेणारा चालक असावा किंवा टॅक्सी करावी. बागेत शिरताना मालकाची परवानगी घ्यावी, घड तोडू नयेत. बागांवर औषधांची फवारणी होत असते, त्यामुळे मुलांना वेलींपासून दूर ठेवावे. मनुका, बेदाणे आणि हंगामात ताजी द्राक्षे थेट बागाईतदाराकडून विकत घ्यावीत. गोवर्धनची जमीन कसणाऱ्याच्या हाती राहावी असे मनापासून वाटत असेल, तर पर्यटकाला करता येण्याजोगी ती सर्वात सोपी गोष्ट आहे.